यादी बासनात, पुस्तक हातात : कामांच्या रगाड्यात वाचनाचा विसावा कसा मिळवावा

पोथी ज्या चौकोनी कापडात बांधून ठेवली जाते, त्याला बासन म्हणतात. एखादी योजना बासनात गुंडाळली गेली, असे आपण सहज बोलतो, तेव्हा त्या वाक्प्रचारामागचे चित्र डोळ्यांसमोर येत नाही : वाचन संपले, पोथी कापडात बांधली, फडताळात ठेवली आणि माणूस कामाला लागला. या लेखात सांगायची रीत नेमकी उलटी आहे. येथे बासनात बांधायची आहे ती कामांची यादी, आणि बाहेर काढायचे आहे ते पुस्तक.

या क्रमातच बहुतेकांची गाडी अडते. रात्री साडेनऊला ओटा आवरून, उद्याच्या डब्याची भाजी निवडून आपण पुस्तक उघडतो. पहिला परिच्छेद वाचून होतो आणि तेवढ्यात सोसायटीच्या देखभाल खर्चाचा धनादेश, मुलाच्या सहलीची फी, आईची रक्ततपासणी आणि गिरणीत टाकायचे राहून गेलेले दळण ही सगळी मंडळी समासात येऊन बसतात. डोळे ओळींवरून फिरत राहतात, पान उलटले जाते, पण काय वाचले असे कोणी विचारले तर सांगता येत नाही. पंधरा मिनिटांनी पुस्तक मिटते, हातात फोन येतो आणि ‘आता पूर्वीसारखे वाचन होत नाही’ असा निष्कर्ष निघतो. माझ्या मते यात दोष पुस्तकाचा नसतो आणि वाचणाऱ्याचाही नसतो. यादी उघडी ठेवून पुस्तक उघडले गेले, एवढेच झालेले असते.

मी हिशेब तपासणीच्या व्यवसायात आहे आणि मार्चअखेर हा आमच्या वर्षातला सर्वांत कठीण चढ असतो. पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी त्या दिवसांत करून पाहिलेल्या आहेत. ज्या फसल्या त्याही ओघात येतील.

आधी यादी बांधावी

बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करणाऱ्या ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली असे मांडले की, पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा मध्येच थांबवलेली कामे माणसाच्या अधिक लक्षात राहतात. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत हा निष्कर्ष जसाच्या तसा मिळाला नाही; पण राहिलेले काम मनाला टोचत राहते, हे सांगायला प्रयोगाची गरजही नाही. आपल्याला अधिक उपयोगी आहे ते ई. जे. मॅसिकॅम्पो आणि रॉय बॉमायस्टर यांचे २०११ साली प्रसिद्ध झालेले संशोधन. त्यांच्या प्रयोगांत, अपुऱ्या राहिलेल्या उद्दिष्टांचे विचार जागे झालेल्या लोकांना त्यांच्याशी काहीही संबंध नसलेला मजकूर वाचायला दिला गेला, तेव्हा ती उद्दिष्टे वाचनात वारंवार डोकावत राहिली. ज्यांना मात्र त्या उद्दिष्टांसाठी नेमकी योजना आखण्याची संधी मिळाली होती, त्यांच्या वाचनातला हा व्यत्यय नाहीसा झाला. काम झालेले नव्हतेच; ते केव्हा आणि कसे होणार, एवढे ठरलेले होते.

म्हणून वाचनाला बसण्यापूर्वी सात-आठ मिनिटे यादीसाठी द्यावीत. पाठकोरा कागद आणि पेन घ्यावे. फोनवर यादी करण्याचा मोह टाळावा, कारण फोन उघडला की यादीपेक्षा आधी इतरांचे निरोप दिसतात. डोक्यात जे जे असेल ते एकाखाली एक उतरवावे. महत्त्वाचे आणि किरकोळ असा भेद या वेळी करू नये. चपलेचा तुटलेला पट्टा आणि गृहकर्जाचा हप्ता हे दोन्ही मनाची जागा सारखीच अडवतात, किंबहुना पट्टा थोडी जास्तच अडवतो.

यानंतरचा भाग खरा मोलाचा असून बहुतेक जण तोच गाळतात. यादीतील प्रत्येक मोघम शब्दाचे रूपांतर एका नेमक्या कृतीत करावे आणि तिच्यापुढे वार व वेळ लिहावी. ‘आईचे डोळे’ असे नुसते लिहिले तर ती नोंद राहत नाही, ती काळजी होते. त्याऐवजी ‘शनिवारी सकाळी १० वाजता नेत्रतज्ज्ञांच्या दवाखान्यात फोन करून मोतीबिंदूच्या तपासणीची वेळ घेणे’ असे लिहिले, तर शनिवारी दहापर्यंत त्याबाबत करण्यासारखे काहीही उरत नाही. ‘पासपोर्ट’ असे न लिहिता ‘गुरुवारी रात्री जुना पासपोर्ट कपाटातून काढून मुदतीची तारीख पाहणे’ असे लिहावे. ज्या कामाचा पुढचा टप्पा आपल्याला ठाऊक नसतो, त्याचा पुढचा टप्पा बहुधा कोणाला तरी विचारणे हाच असतो; मग कोणाला आणि केव्हा विचारायचे ते लिहावे. ज्या कामाला वारच देता येत नाही, त्याच्यापुढे ते पुन्हा कोणत्या तारखेला पाहायचे एवढे तरी लिहावे. आणि प्रत्येक यादीत दोन-तीन कामे अशी निघतात की जी मुळात आपली नसतात, केवळ आपण नेहमी करत आलो म्हणून आपल्या नावावर चढलेली असतात. त्यांच्यापुढे ज्याचे काम त्याचे नाव लिहावे आणि दुसऱ्या दिवशी ते त्या व्यक्तीला सांगावे. हे सांगणे सोपे नसते, हे मला मान्य आहे.

यादी करता करता कामे उरकायला लागणे ही येथली नेहमीची चूक आहे. वीजबिल आठवले म्हणून लगेच भरायला घेतले, भरताना बँकेचा संकेतशब्द बदलावा लागला, तो बदलताना आणखी काही दिसले, आणि अर्धा तास गेला, असे माझे अनेकदा झाले आहे. शेगडी चालू राहिली असेल किंवा दूध बाहेर असेल तर अवश्य उठावे; बाकी सगळे कागदावरच राहू द्यावे. लिहून झाल्यावर कागदाची घडी घालून तो दुसऱ्या खोलीत, खणात किंवा मिसळणाच्या डब्याखाली ठेवावा. वाचनाच्या जागेवरून तो दिसता कामा नये. हेच ते बासन.

झोपण्यापूर्वी वाचणाऱ्यांना या पायरीचा आणखी एक फायदा होऊ शकतो. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, पार पडलेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. आणि यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर लागली. प्रयोग लहान आहे, पण करून पाहायला लागतो तो एक कागद.

वाचनाला यादीत घालू नये

‘वाचाल तर वाचाल’ ही पाटी आपण शाळेपासून इतक्या भिंतींवर पाहिली आहे की, न वाचणारा बुडणारच अशी एक धाकाची भावना मनात बसली आहे. त्या धाकापोटी मोठी माणसेही ‘रोज ३० पाने’ किंवा ‘वर्षाला ५० पुस्तके’ असे संकल्प सोडतात आणि मग वाचन हे दळणाशेजारचे आणखी एक काम होऊन बसते. ज्या यादीपासून सुटका हवी आहे तिच्याच तळाशी सुटकेचे साधन लिहून ठेवल्यावर त्याच्यापुढे बरोबरची खूण करण्याचा आनंद मिळेल, विसावा मिळणार नाही.

एकदाच, केवळ अंदाजासाठी, आपल्याला एका पानाला किती वेळ लागतो ते पाहून घ्यावे. समजा दोन मिनिटे लागली, तर २० मिनिटांत १० पाने होतात आणि २०० पानांचे पुस्तक वीस बैठकांत संपते. हे गणित आपण खूप मागे पडलो आहोत ही भीती घालवण्यापुरते करावे आणि नंतर विसरून जावे. वाचलेल्या पुस्तकांची नोंदवही ठेवायला माझी हरकत नाही, मात्र तिच्यात क्रमांक घालू नयेत.

वेळेची फट आणि पोथीचे कुंपण

वाचनासाठी दिवसातला ‘मोकळा’ वेळ शोधू नये, कारण तो नसतो. शोधायची ती फट, म्हणजे अशी वेळ की जेव्हा कामे करायची म्हटली तरी करता येत नाहीत. मुलाचा तबल्याचा वर्ग संपेपर्यंतचा पाऊण तास, दवाखान्यातील नंबर येईपर्यंतचा वेळ, नळाला पाणी येण्याआधीची पहाट, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतची पंधरा मिनिटे. या फटींचे गुण वेगवेगळे असतात. दवाखान्यात कानावर सतत नावे पडत असतात, तेथे कादंबरी टिकत नाही, विनोदी लेख टिकतो. कुकरपाशी कविता वाचावी; शिटी मोजायची राहून गेली तरी तोवर एक कविता झालेली असते.

मुंबईच्या लोकलमधले वाचन हा स्वतंत्र विषय आहे. वर्तमानपत्राची उभी घडी करून, शेजाऱ्याच्या नाकाला न लागू देता पान उलटणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना जागेच्या टंचाईत काय साधते हे सांगायला नको. चौथ्या सीटवर अर्धे टेकायला मिळाले तर एका हातात मावणारे, मऊ बांधणीचे पुस्तक चालते. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक मनगट दुखवते आणि मोठ्या आकाराचा दिवाळी अंक शेजारच्यांशी भांडण लावतो. दोन्ही हात कडीला असतील त्या दिवशी श्राव्य पुस्तक ऐकावे. कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर जलद गाडीलाही साधारण तासभर घेते, म्हणजे दिवसाचे दोन तास त्या फटीत असतात; त्यांतला निम्मा वेळ जरी पुस्तकाला मिळाला तरी घरी कोणाकडे वेळ मागावा लागत नाही.

घरचा वेळ मात्र मागावा लागतो, आणि येथे जुन्या घरांकडून शिकण्यासारखे बरेच आहे. आजी पोथीला बसली की घरात कोणी तिला हाक मारत नसे. तिची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, आणि अध्याय पुरा झाल्याशिवाय ती उठणार नाही हे तान्ह्या मुलांपासून दूधवाल्यापर्यंत सर्वांना ठाऊक असे. ती रिकामी बसली आहे असे म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. दिवसभर राबणाऱ्या अनेक बायकांना मिळालेला तो एकमेव अधिकृत विसावा असावा, असे मला नेहमी वाटते. भक्ती तर त्यात होतीच, पण भक्तीने घातलेले ते एक कुंपणही होते. आजच्या वाचकाने, आणि विशेषतः वाचणारीने, तेच कुंपण पोथीशिवाय घालून घ्यावे. जागा एकच ठेवावी, मग ती खिडकीजवळची खुर्ची असो वा स्वयंपाकघरातला पाट. वेळ एकच ठेवावी. घरच्यांना आधी सांगून ठेवावे की, सव्वानऊ ते पावणेदहा या वेळात आपण सापडणार नाही. पहिल्या आठवड्यात ‘माझा निळा शर्ट कुठे आहे’ असे प्रश्न येतातच. त्यांची उत्तरे पुस्तकातून मान वर न करता पावणेदहानंतर द्यावीत. दुसऱ्या आठवड्यात शर्ट आपोआप सापडू लागतात.

आणि घड्याळाचा गजर लावून बसण्यापेक्षा मजकुराच्या टप्प्यावर उठावे. अध्याय, प्रकरण, कथा किंवा निदान ओळ सोडून सुरू होणारा नवा भाग, असे कोणतेही नैसर्गिक थांबण्याचे ठिकाण चालेल.

काय वाचावे

येथेच पुष्कळांची फसगत होते, कारण दमलेला माणूस ‘वाचायला हवे’ अशा पुस्तकाकडे हात नेतो. जागतिक राजकारणावरचा सहाशे पानी ग्रंथ उत्तम असेल, पण कामाच्या रगाड्यातून बाहेर पडताना तो हाती घेणे म्हणजे गड उतरून आल्यावर लगेच दुसरा चढायला घेणे होय. माझा एक मार्च अशाच एका ग्रंथाने खाल्ला. व्यवस्थापन, वेळेचे नियोजन आणि यश यांवरची पुस्तके तर या वेळेपुरती कपाटाच्या मागच्या रांगेत टाकावीत. ती प्रत्येक प्रकरणाअखेर वाचकाला एक नवे काम देतात.

विसाव्यासाठी निवडलेल्या मजकुराला दोन गुण हवेत. एक म्हणजे तो एका बैठकीत पुरा व्हावा. दिवसभरात आपण शंभर गोष्टी सुरू करतो आणि त्यांतली क्वचितच एखादी संध्याकाळपर्यंत संपते; अशा दिवशी बारा पानांची एक कथा सुरू होऊन संपली, हेच मोठे समाधान असते. दुसरे म्हणजे ते जग आपल्या कामाच्या जगापासून दूर असावे. शिक्षकांनी शाळेवरचे, वकिलांनी खटल्यांवरचे आणि रुग्णसेवेतल्या माणसांनी आजारपणावरचे लेखन अशा वेळी टाळावे. मी आकड्यांत असते म्हणून मला पक्षी, नद्या, जुन्या पेठा, प्रवास यांवरचे लेखन चालते. जंगलखात्यात काम करणाऱ्या माझ्या एका परिचितांना मात्र रहस्यकथाच लागते आणि त्यात झाड आले की ते वैतागतात.

मराठी वाचकाच्या हाती या कामासाठी दिवाळी अंकासारखे दुसरे साधन नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेथून ही परंपरा सुरू झाली असे मानतात. कथा, कविता, ललित लेख, व्यक्तिचित्रे, व्यंगचित्रे, प्रवासवर्णन आणि वर्षभविष्य असा सगळा ऐवज एकाच अंकात असतो आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा एका बैठकीचा असतो. दिवाळीच्या चार दिवसांत अंकांचा फडशा पाडण्याची काहीच गरज नाही. तीन-चार अंक घ्यावेत, अनुक्रमणिकेत पेन्सिलीने खुणा कराव्यात आणि ते गुढीपाडव्यापर्यंत पुरवावेत. पाडव्यानंतर रद्दीच्या व जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आदल्या वर्षांचे अंक निम्म्याहून कमी किमतीत मिळू लागतात; त्यांतल्या कथा शिळ्या होत नाहीत, भविष्य तेवढे शिळे होते आणि म्हणूनच ते वाचायला अधिक मजा येते.

ज्यांना संथ लय आवडते त्यांनी ओवी वाचावी. ज्ञानेश्वरीत सुमारे नऊ हजार ओव्या आहेत आणि सप्ताहाचे पारायण ही तिच्या वाचनाची एक रीत आहे; पण रोज चार-पाच ओव्या, अर्थासह आणि मोठ्याने, ही रीतही तितकीच जुनी आणि घराघरांतली आहे. या रीतीत पुढे जाण्याची घाई कोणालाच नसते. श्रद्धा नसलेल्या वाचकालाही त्यातल्या उपमांसाठी हे करता येईल.

पूर्वी वाचलेले पुस्तक पुन्हा वाचणे यात कमीपणा मानू नये. गोष्ट ठाऊक असल्यामुळे मन ताण घेत नाही, आणि अत्यंत दमलेल्या दिवशी तेच हवे असते. याखेरीज शब्दकोश चाळणे, नकाशे पाहणे, मराठी विश्वकोशातली एखादी नोंद उघडून तिच्यावरून दुसऱ्या नोंदीवर जाणे हेही वाचनच आहे. एका रात्री मी मिठागरांवरून लोणच्यांवर आणि तेथून चिनी मातीवर गेले. करनिर्धारण आठवलेच नाही.

पहिली दहा मिनिटे

यादी कितीही नीट बांधली तरी बसल्या बसल्या मन शांत होईल, अशी अपेक्षा ठेवू नये. सहा मिनिटांच्या वाचनाने ताण ६८ टक्क्यांनी कमी होतो, असे एक वाक्य सगळीकडे फिरत असते. ते २००९ सालच्या, ब्रिटनमधील एका अगदी लहान प्रयोगावरून आलेले असून तो प्रयोग शास्त्रीय नियतकालिकात रीतसर प्रसिद्ध झालेला नाही. सातव्या मिनिटालाही मन थाऱ्यावर आले नाही म्हणून कोणी पुस्तक मिटू नये.

पहिले पान दोनदा वाचावे. पहिल्यांदा ते फक्त डोळ्यांना सवय व्हावी म्हणून, आणि दुसऱ्यांदा खरोखर वाचण्यासाठी. तरीही ओळी निसटत असतील तर अर्धे पान मोठ्याने वाचावे. मराठी गद्य तोंडाने वाचताना विरामाच्या जागा आपोआप पाळाव्या लागतात, श्वास लांबतो आणि त्या वेळात जीभ दुसरे काही बोलू शकत नाही. घरात लहान मूल असेल तर त्यालाच ऐकवावे. ते ऐकेल असे नाही.

पुस्तकात खुणेसाठी कोऱ्या कागदाची एक चिठ्ठी आणि जवळ पेन्सिल ठेवावी. वाचताना राहून गेलेले काम आठवले तर उठू नये. चिठ्ठीवर एक-दोन शब्द लिहावेत, ‘इस्त्री’, ‘मामा’, ‘पाण्याचा टँकर’, आणि तीच चिठ्ठी पुन्हा खूण म्हणून पानात सारावी. आठवलेले काम हरवणार नाही अशी खात्री झाली की ते पुन्हा फारसे हाक मारत नाही. सुरुवातीच्या दिवसांत एका बैठकीत पाच-सहा शब्द लिहावे लागतात. माझ्या बाबतीत महिन्याभरात ते एक-दोनवर आले.

कागद, पडदा आणि कान

माध्यमाचा वाद घालत बसण्याचे कारण नाही; पण वेळेनुसार निवड करावी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या एका संशोधनात असे दिसले की, माहितीपर मजकूर कागदावर वाचताना पडद्यापेक्षा अधिक चांगला समजतो, आणि वेळेची मर्यादा असेल तेव्हा हा फरक वाढतो. घाईच्या दिवसांतल्या वाचकाने हे लक्षात ठेवावे. रात्रीसाठी आणखी एक कारण आहे. २०१५ सालच्या, अवघ्या १२ जणांवरच्या पण काटेकोर प्रयोगात, झोपण्यापूर्वी प्रकाश फेकणाऱ्या पडद्यावर वाचणाऱ्यांना, छापील पुस्तक वाचण्याच्या तुलनेत झोप लागायला सुमारे दहा मिनिटे अधिक लागली आणि त्यांच्या शरीरातील मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरकही घटले. म्हणून रात्री कागद, प्रवासात सोयीचे ते, आणि भाजी निवडताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना श्राव्य पुस्तक, अशी वाटणी मला पटते. फोनवर वाचायचेच असेल तर पुस्तक आधी उतरवून घ्यावे आणि फोन विमान अवस्थेत ठेवावा. घरी वाचताना फोन यादीच्या शेजारी, त्याच खणात.

पुस्तके कोठून आणावीत

विकत घेतलेली आणि न वाचलेली पुस्तके कपाटातून आपल्याकडे पाहत राहतात, आणि तीही हळूहळू एक यादीच होते. म्हणून कामाच्या दिवसांत ग्रंथालय बरे. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे शासनमान्य वाचनालये गावोगावी आहेत आणि अनामत रक्कम व वर्गणी सहसा परवडणारी असते. काही संस्था तर फार जुन्या आहेत : रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. पणजीत पाटो येथे असलेल्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात १८३२ सालची आहे.

एका वेळी एकच पुस्तक आणावे. निवडीत वेळ घालवण्याऐवजी ग्रंथपालांना सरळ सांगावे की, फार दमलेली आहे, लहान आणि हलके काही द्या. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धान्त मांडले, त्यांतला चौथा ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हाच आहे, तेव्हा आपण काही वावगे मागत नाही. परतीच्या तारखेचा धसका घेऊ नये. मुदत वाढवून मिळते, आणि न वाचता परत केलेल्या पुस्तकाबद्दल कोणी विचारत नाही.

परदेशातील वाचकांसाठीही वाटा आहेत. अनेक महाराष्ट्र मंडळांकडे पुस्तकांचे एखादे कपाट असते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे उलटून स्वामित्वहक्क संपलेले बरेच जुने मराठी लेखन विकिस्रोतावर वाचता येते.

पुस्तक सोडून देणे आणि खंड पडणे

तीस-चाळीस पानांत पुस्तकाने धरले नाही तर ते सोडावे. ताटात वाढलेले टाकू नये हा संस्कार आपण पुस्तकांनाही लावतो आणि मग एक कंटाळवाणी कादंबरी चार महिने उशाशी पडून राहते, तिच्यामुळे दुसरे काही वाचलेही जात नाही. सोडलेले पुस्तक वाईट असते असे नाही. त्या दिवसांपुरते ते आपले नसते.

गणपती, लग्नसराई, परीक्षा, आजारपण यांत वाचन थांबतेच. थांबू द्यावे. पुन्हा सुरू करताना मधला अनुशेष भरून काढण्याचा विचारही करू नये आणि जेथे सोडले तेथून ओढत न बसता एखाद्या नव्या, छोट्या कथेने आरंभ करावा.

जेथे हा उपाय लागू पडत नाही

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी, मुद्रितशोधक, न्यायालयीन कागदपत्रे वाचणारे लोक यांचे डोळे दिवसभर अक्षरांवरच असतात. त्यांना संध्याकाळी आणखी अक्षरे देण्यापेक्षा चालणे किंवा गाणे ऐकणे बरे. वाचायचेच तर रोजच्या वाचनाशी अजिबात न जुळणारी कविता वाचावी. दुसरा धोका उलट्या बाजूचा आहे. उद्याच भरायचा अर्ज समोर असताना दोन-दोन तास पुस्तकात तोंड घालून बसणे हा विसावा नसून टाळाटाळ आहे, आणि ती ओळखण्याची खूण अशी की पुस्तक मिटताना बरे वाटण्याऐवजी पोटात गोळा येतो. असे होत असेल तर आधी त्या अर्जाचा पहिला रकाना भरावा.

यादी लिहूनही आठवडेच्या आठवडे मन ठिकाणावर येत नसेल, झोप तुटत असेल, एके काळी आवडणाऱ्या गोष्टींत काहीच गोडी उरली नसेल, तर तो पुस्तकाचा विषय राहत नाही. डॉक्टरांना भेटावे, ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

पुस्तक मिटल्यावर

वाचन संपल्यावर लगेच फोन घेऊ नये. खणातली यादी बाहेर काढावी, चिठ्ठीवरचे शब्द तिच्यात वार-वेळेसह उतरवावेत आणि यादी एकदा वरून खाली वाचावी. मघाशी जे अत्यंत निकडीचे वाटत होते त्यातले एखादे काम आता खोडून टाकता येते, असे मला वारंवार दिसले आहे. मात्र दर वेळी तसे होईलच असे नाही. मग दिवा मालवावा किंवा कामाला लागावे, जी वेळ असेल त्याप्रमाणे.

ग्रंथालयाचे पुस्तक परत करताना खुणेची चिठ्ठी तेवढी आठवणीने काढून घ्यावी. गेल्या पावसाळ्यात आणलेल्या एका प्रवासवर्णनात मला कोणाची तरी चिठ्ठी सापडली : ‘दळण, छत्री दुरुस्ती, ताईला फोन’. पुस्तक वाचून होईपर्यंत मी तीच खूण म्हणून वापरली, आणि त्या रात्री माझ्या यादीत ‘ताईला फोन, रविवार, सकाळी ११’ असे लिहिले.